मुरमाड माळावर शेळ्यांसाठी स्टायलो: बी, पहिलं वर्ष आणि चराईचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोल्याकडची 3 एकर मुरमाड, उताराची जमीन, पाऊस 500 मिलिमीटरच्या आतबाहेर, विहीर फेब्रुवारीत तळ गाठते. उस्मानाबादी 20 शेळ्या आहेत. लसूणघास किंवा स्टायलो (कोरडवाहू रानात येणारा शेंगवर्गीय चारा) पेरून त्यात शेळ्या सरळ चरायला सोडायच्या आहेत, म्हणजे कापणी-वाहतुकीची मजुरी वाचेल. मागच्या जूनमध्ये स्टायलोचं 2 किलो बी पाभरीनं पेरलं, पण ते उगवलंच नाही.

यात तुम्ही विचारलेला प्रश्न एक आणि खरी अडचण दुसरी आहे. लसूणघास की स्टायलो, याचा निकाल दोन मिनिटांत लागतो. जे पेराल ते शेळ्यांच्या तोंडाखाली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिल्लक कसं ठेवायचं, हे अवघड आहे. शेंगवर्गीय चारा गवतापेक्षा गोड लागतो आणि शेळी वेचून खाणारं जनावर आहे. मोकळी सोडली की आधी तोच संपवणार, फुटवा आला की पुन्हा तोच. गवताचा वाढीचा डोळा जमिनीलगत असतो, त्यामुळे ते शेंड्याकडून खाल्लं तरी सावरतं. स्टायलोचे डोळे फांद्यांवर, चरणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात. म्हणून बियाण्याच्या पिशवीइतकाच विचार कुंपणाचा आणि चराईच्या वेळापत्रकाचा करावा लागतो.

आधी लसूणघास बाजूला काढू. त्याला दर 8-10 दिवसांनी पाणी लागतं. पेरणीनंतर पहिली कापणी 50-60 दिवसांनी, पुढच्या 25-30 दिवसांच्या अंतरानं. ऑक्टोबरच्या मध्याला पेरलात तर डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी अशा तीन कापण्या पदरात पडतील आणि विहीर आटेल. त्यानंतरचा उन्हाळा मुरमाड रानात तो काढणार नाही. बारमाही पाणी असलेल्याला राहुरीच्या आर.एल. 88 सारखा वाण तीन वर्षं चालतो, तुमच्याकडे तीन महिने चालेल. शिवाय लसूणघासात जनावर सोडणं मला कधीच पटत नाही. कापल्यावर किंवा चरल्यावर तो मुळाच्या माथ्यात साठवलेल्या अन्नावर पुन्हा फुटतो. तो साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात. रोज कुरतडला तर माथा रिकामा होऊन रोप मरतं.

आणि पोटफुगीचा धोका वेगळाच. कोवळ्या लसूणघासातली विरघळणारी प्रथिनं पोटात घट्ट फेस करतात. साधा वायू ढेकरेवाटे निघून जातो, फेस निघत नाही. डावी कूस वर येते, शेळी पाय झाडते, रवंथ थांबतो. अशा वेळी 50-60 मिली गोडं तेल हळूहळू पाजायचं, मान वर ओढून धरायची नाही, नाहीतर तेल श्वासनलिकेत जाईल. लगेच डॉक्टरांना बोलवायचं. स्टायलोमुळे अशी पोटफुगी होत नाही. चराऊ कुरणासाठी मी त्याच्याकडे झुकतो त्याचं हे एक मोठं कारण.

आता स्टायलो. या नावाखाली बऱ्याच जाती येतात, तुमच्यासाठी कामाच्या दोन. हमाटा बुटका, पसरणारा, पहिल्याच वर्षी भरपूर बी टाकणारा. पण आयुष्य थोडं, एक ते तीन वर्षं. तो टिकतो तो पडलेल्या बियांच्या जोरावर. स्काब्रा झुडपासारखा, मूळ खोल, पहिल्या वर्षी अगदी सावकाश, पण पावसाळा सरल्यावरही बराच काळ हिरवा राहतो. दोन्ही मिसळून घ्या. एक कारण चाऱ्याचं, दुसरं रोगाचं. स्टायलोवर करप्यासारखा बुरशीचा रोग येतो: पानावर तपकिरी ठिपका, मधोमध फिकट, पुढे पानगळ. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात 1970 च्या दशकात टाउन्सविल स्टायलो ही एकच जात लाखो एकरांवर होती, ती या रोगानं जवळजवळ पुसली गेली आणि तिथल्या लोकांना स्काब्रासारख्या जातींकडे वळावं लागलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले क्रांती हा स्टायलोचा वाण आहे. बी मिळालं तर तोही मिश्रणात घ्या. रानात कुठे काळ्या, पाणी धरणाऱ्या मातीचा पट्टा असेल तर तिथे मात्र हे बी वाया घालवू नका. स्टायलोला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. त्या पट्ट्यात गोकर्ण किंवा दशरथ घास बरा.

मागच्या वर्षीचं बी उगवलं नाही याची कारणं बहुधा दोन आणि दोन्ही एकत्र घडली असावीत. पहिलं, पाभरीचा फण. बी राईच्या दाण्याच्या आसपास असतं, त्यात वर यायला लागणारी शिदोरी जेमतेम एका सेंटिमीटरची. पाभरीनं ते दीड-दोन इंच खाली गाडलं गेलं. दुसरं, बियांचं टणक कवच. कवचातून पाणीच आत शिरत नाही, त्यामुळे ताजं, उत्तम बीसुद्धा निम्म्याहून जास्त तसंच पडून राहतं. निसर्गात हा गुण आहे, कारण सगळं बी एकाच पावसाला उगवलं आणि मग खंड पडला तर वंश संपेल. पेरणाऱ्याला मात्र त्याचा त्रास होतो. त्यातली चांगली बाजू अशी की गाडलेलं काही बी अजून जिवंत असेल. त्या तुकड्यात यंदा खोल नांगरट करू नका, वरवर कुळव फिरवा आणि पहिल्या दोन पावसांनंतर वाकून बघा.

बी घेतानाच एक काम करा. आपल्याकडे येणारं बरंच बी आंध्रातल्या अनंतपूर भागातलं असतं. तिथे शेतकरी बी जमिनीवर गळू देतात आणि मग झाडून गोळा करतात. त्यामुळे बारीक खडा-माती येऊ शकते. मूठभर बी पांढऱ्या ताटात पसरून बघा. हमाटाचं बी शेंगेच्या सालासकट असेल तर टोकाला आकड्यासारखी वाकडी चोच दिसेल. असं सालासकट बी वजनाला जास्त भरतं, म्हणून किलोमागे दाणे कमी. 100 दाणे मोजून ओल्या कापडात गुंडाळून आठवडाभर ठेवा. आणखी 100 दाणे खाली सांगितलेल्या गरम पाण्याच्या प्रक्रियेनंतर तसेच ठेवा. प्रक्रिया केलेल्यातले 50 तरी उगवले पाहिजेत. पहिल्या गठ्ठ्यात 15 आणि दुसऱ्यात 60 असं आलं तर बी उत्तम आहे, फक्त कवच टणक. दोन्हीकडे 15 आलं तर ते बी जुनं किंवा मेलेलं आहे, परत करा.

प्रक्रियेसाठी पाणी 80 अंशांच्या जवळ हवं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. खळखळ उकळलेलं 3 लिटर पाणी आणि माठातलं नव्हे, हौदातलं साधं 1 लिटर पाणी एकत्र करा, बरोबर तेवढंच भरतं. अर्धा किलो बी मलमलच्या कापडात सैल बांधा. घट्ट पुरचुंडी केली तर आतल्या बियांपर्यंत उष्णता पोचत नाही. 5 मिनिटं पाण्यात हलवत धरा, मग लगेच थंड पाण्यात बुचकळा, सावलीत पसरा. पुढच्या अर्ध्या किलोला पाणी नवं घ्या. तेच कोमट झालेलं पाणी पुन्हा वापरणं ही नेहमीची चूक, मग निम्मं बी उगवतं आणि निम्मं नाही. पाणी चुलीवर ठेवून त्यात बी उकळणं ही दुसरी.

सगळ्या बियाण्यावर मात्र प्रक्रिया करू नका. चार भागांतले तीन भाग गरम पाण्यातून काढा, एक भाग तसाच कोरडा मिसळा. जूनच्या पावसानंतर तीन आठवडे खंड पडला तर उगवलेली रोपं जातील, पण कोरडा भाग जमिनीत शिल्लक राहील. सांगोल्याच्या पावसाला हा विमा लागतोच.

बी पूर्ण गार झाल्यावर रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणारे जिवाणू, लावा. स्काब्रा आणि हमाटाला चवळी गटाचं जिवाणू खत चालतं. 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला पुरतं असं लिहिलेलं असतं. बी बारीक आहे, चार-पाच किलोला एक अख्खं पाकीट वापरलं तरी बिघडत नाही. गुळाचं थंड पाणी करून त्यात कालवा, बियांवर चोळा, सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. हे बी सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून फेकू नका. त्या खताच्या आंबटपणानं जिवाणू मरतात. खत आधी मातीत, बी नंतर.

खत म्हणाल तर एकरी सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या दोन पिशव्या शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी. स्टायलो कमी स्फुरदात जगतो, हे खरं. पण असा चारा खाणाऱ्या शेळीलाही स्फुरद कमीच मिळतं, शिवाय सुपर फॉस्फेटमधलं गंधक प्रथिनं बनवायला लागतं. युरिया एक ओंजळसुद्धा नको. युरिया टाकला की गवत उसळतं, स्टायलो सावलीत जातो आणि गाठी धरायचाही आळस करतो. गाठींची परीक्षा सोपी आहे. पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनी एक रोप खुरप्यानं मातीसकट उचला, उपटू नका, कारण गाठी मातीतच तुटून राहतात. बादलीत धुवा आणि एक गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लालसर दिसली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमीन वितभर ओली झाल्यावरच. उताराला आडव्या, समपातळीवर सऱ्या पाडून घ्या, बी वाहून जाणार नाही. एकरी 1.5 किलो हमाटा आणि 1 किलो स्काब्रा पुरे. एवढंसं बी हातानं सारखं फेकता येत नाही, म्हणून दहापट चाळलेल्या शेणखतात किंवा रेतीत मिसळा. निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेका. त्यावरून कुळव नको, फळी नको. बाभळीची फांदी हलकी ओढली की झालं. पेरल्यानंतर काही बिया वर उघड्या दिसल्या तर पेरणी चुकली असं समजू नका, दिसायलाच हव्यात.

आता गवत. नुसता स्टायलो पेरू नका. मोकळ्या जागेत तण येतं आणि स्टायलोनं जमवलेलं नत्र तेच खातं, उतारावरची मातीही धरून ठेवली जात नाही. शिवाय पोट भरायला लागणारा पेंढा गवतातूनच येतो. मुरमाड जमिनीला मारवेल किंवा अंजन दोन्ही चालतात. बी फेकण्याऐवजी मारवेलचे मुळ्यांसकट ठोंब लावणं खात्रीचं. गवताच्या दोन ओळींत 90 सेंटिमीटर अंतर ठेवा, ओळीत दोन ठोंबांत एक फूट. स्टायलो फेकायचा तो या मोकळ्या पट्ट्यात. गवत दाट लावलं तर पहिल्याच वर्षी ते स्टायलोला झाकून टाकतं, कारण स्टायलो सुरुवातीचे दोन महिने मुळं खाली सोडण्यातच घालवतो आणि वर काही दिसत नाही. बरेच लोक याच टप्प्यावर निराश होऊन रान मोडतात.

शेंगवर्गीय पीक शेजारच्या गवताला नत्र देतं असं सगळे म्हणतात. देतं, पण जिवंत मुळातून थेट फारसं नाही. गळलेली पानं, मेलेली मुळं आणि मुख्य म्हणजे शेळीच्या लेंड्या आणि मूत यांतून ते परत येतं. म्हणजे गवताला त्याचा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो. चराईचं रान आणि कापणीचं रान यांत हाच फरक आहे. कापून गोठ्यात नेलं तर नत्र उकिरड्यात जातं, चारलं तर रानात राहतं.

पहिल्या पावसाळ्यात शेळी आत नको. या अटीत मी कुणालाही सवलत देत नाही. स्टायलो सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळी फुलं धरतो आणि पुढे बी टाकतो. ते बी म्हणजे पुढच्या वर्षांचं भांडवल. ऑक्टोबरात रान हिरवंगार दिसतं, बाहेर माळ वाळत आलेला असतो आणि शेळ्या ओरडत असतात. त्या मोहात आठ दिवस चारलं की बी जमिनीत पडत नाही. हमाटाची झाडं उन्हाळ्यात वाळतात आणि पुढच्या जूनमध्ये नुसतं गवत. मग म्हणतात, स्टायलो आमच्याकडे टिकत नाही. डिसेंबरमध्ये बी गळून गेल्यावर वाळलेलं रान हलकं चारायला हरकत नाही, खुरांनी बी मातीत दाबलंही जातं.

पहिल्या पावसाळ्यात तणाचं काम दोन वेळा पडेल. तण उपटत बसू नका, स्टायलोची कोवळी रोपंही बरोबर येतात. विळ्यानं स्टायलोच्या शेंड्याच्या वर, साधारण वितभर उंचीवर तण छाटा. तरोटा आणि गाजरगवत मात्र फुलाआधी उपटायचंच. तरोटाही शेंगवर्गीय आहे, पण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि एकदा बी टाकलं की तो तुमचं रान घेऊन बसतो.

पहिलं वर्ष रान बंद ठेवायचं तर 20 शेळ्या जाणार कुठे, हा प्रश्न पुढे येतोच. म्हणून 3 एकर एकदम करू नका. यंदा दीड एकर, पुढच्या वर्षी उरलेलं दीड. बी 4 किलो लागेल, कुंपणाचा खर्चही दोन वर्षांत विभागेल. कुंपण कसलं, हे तुमच्या खिशावर आणि गावातल्या मोकाट जनावरांवर ठरेल. जाळी महाग, पण शेळीला आतही ठेवते. सागरगोट्याची जिवंत वई स्वस्त, पण दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर बाभळीचे काटे लावा. मेंढपाळांचे कळप तुमच्या भागातून जात असतील तर आधी बोलून ठेवा. एका रात्रीत वर्षाचं काम संपतं.

आता आकडेमोड, कारण तुमच्या अपेक्षा इथेच तपासाव्या लागतील. 30-35 किलोची शेळी रोज साधारण एक किलोच्या थोडा वर कोरडा चारा खाते, हिरवा असेल तर त्याच्या चौपट-पाचपट वजन. 20 शेळ्यांना रोज 22 किलो कोरडा धरा. जमलेलं कुरण पावसाळ्यात हेक्टरी दिवसाला 35 किलोच्या आसपास कोरडा चारा वाढवतं. पाऊस बरा झाला तर जास्त, खंड पडला तर निम्मा. 3 एकर म्हणजे 1.2 हेक्टर, वाढीचे 120 दिवस, एकूण 5 टन. त्यातला निम्माच चारायचा, निम्मा झाडाला आणि जमिनीला ठेवायचा. हातात आले अडीच टन, म्हणजे 20 शेळ्यांचे 110-115 दिवस. तीन एकरांवर बारा महिने हा कळप जगणार नाही. जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पोट भरेल. उरलेल्या काळात कडबा, तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट आणि बांधावरचा पाला यांची जोड हवी. कुणी एकरी पंधरा-वीस शेळ्या सांगत असेल तर त्याला पाणी आणि बाहेरचा चारा किती घालतो ते विचारा.

मग स्टायलोचा फायदा काय? वाळलेल्या माळगवतात प्रथिनं 3-4 टक्के उरतात. चाऱ्यातली प्रथिनं 7 टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातले जिवाणू उपाशी पडतात, गवत पचत नाही, शेळी खाणंच कमी करते आणि पोट भरलेलं दिसूनही खंगते. स्टायलोत प्रथिनं 12 ते 18 टक्के. एक तृतीयांश स्टायलो आणि दोन तृतीयांश वाळकं गवत असं मिश्रण साधारण या रेषेपर्यंत पोचतं, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरातलं गवतही कामाला येतं.

चराईसाठी रानाचे अर्ध्या एकराचे सहा तुकडे करा. एका तुकड्यात 4 ते 5 दिवस, मग पुढचा. पहिल्या तुकड्याची पाळी 25 दिवसांनी परत येते. वरच्याच हिशोबानं अर्ध्या एकरात 25 दिवसांत 175 किलो कोरडा चारा वाढतो, निम्मा म्हणजे 87 किलो, 20 शेळ्यांना चार दिवस. म्हणून पाचवा दिवस हा कमाल. मात्र दिवस मोजण्यापेक्षा रान बघा. 10-15 सेंटिमीटर खुंट आणि त्यावर थोडी पानं शिल्लक असतानाच बाहेर काढा. सुरुवातीला दीड एकरच तयार असेल तेव्हा तुकडे पाव एकराचे करा आणि दिवस अर्धे, पण तुकड्याची पाळी 25 दिवसांनीच आणा, मधले दिवस शेळ्या बाहेर चारा.

पाच दिवसांच्या मर्यादेमागे झाडाइतकंच शेळीचंही कारण आहे. दमट पावसाळ्यात लेंडीतल्या जंताच्या अंड्यापासून पुन्हा पोटात शिरण्याजोगी अळी व्हायला पाच-सात दिवस लागतात. या अळ्या गवताच्या तळच्या दोन इंचांत जास्त असतात. शेळी त्याच तुकड्यात दहा दिवस राहिली आणि जमिनीपर्यंत खाऊ लागली की ती स्वतःचेच जंत गिळते. खालची पापणी ओढून आतला रंग दर पंधरा दिवसांनी बघा. लाल-गुलाबी ठीक, पांढुरका दिसला तर त्या शेळीला डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध. सगळ्या कळपाला दर महिन्याला सरसकट औषध पाजल्यानं जंत औषधाला सरावतात.

सकाळी दंव उतरल्यावरच, नऊ-साडेनऊनंतर सोडा. कोरड्या चाऱ्याची सवय असलेल्या शेळ्या पहिल्यांदा सोडताना आधी थोडा कडबा खायला द्या आणि वेळ तासाभरापासून सुरू करून आठवड्याभरात पूर्ण दिवसावर न्या. पोट फुगणार नाही, पण एकदम बदल केला तर लेंड्या पातळ होतात. खनिज मिश्रण रोज शेळीमागे 10 ग्रॅम चालू ठेवा.

दरवर्षी सहापैकी दोन तुकडे सप्टेंबरच्या मध्यापासून बंद करायचे, बी गळेपर्यंत उघडायचे नाहीत. पुढच्या वर्षी दुसरे दोन. तीन वर्षांत प्रत्येक तुकड्याची बियाण्याची तिजोरी एकदा भरते. हे बंद तुकडे डिसेंबर-जानेवारीत उभा वाळलेला चारा म्हणून उपयोगी पडतात. फार उशीर करू नका. हमाटाचं पान बी पडल्यावर गळतं आणि फेब्रुवारीत काड्याच उरतात.

उन्हाळ्यासाठी बांध वापरा. शेवरी भराभर वाढते, पण सतत छाटली की तीन-चार वर्षांत थकते. सुबाभूळ टिकते, बी त्याच गरम पाण्याच्या पद्धतीनं पेरायचं. झाड छातीएवढं होईपर्यंत हात लावू नका, मग कमरेच्या उंचीवर छाटत राहा आणि शेंगा धरू देऊ नका, नाहीतर ती शेजाऱ्याच्या रानात जाईल. तिच्या पाल्यात मिमोसिन असतं. रोजच्या चाऱ्यात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त झालं तर केस गळतात, गळ्याची गाठ वाढते. गंमत म्हणजे हे विष पचवणारा जिवाणू पहिल्यांदा हवाई बेटांवरच्या शेळ्यांच्या पोटात सापडला आणि तिथून ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिला गेला. तुमच्या शेळ्यांत तो आहे की नाही हे कळायचा सोपा मार्ग नाही, म्हणून हिश्शाची मर्यादा पाळा.

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या शेवटी, एक मीटर लांबीच्या चार काठ्यांचा चौकोन करून रानात दहा ठिकाणी टाका आणि आतली स्टायलोची रोपं मोजा. सरासरी दहाच्या वर असेल तर नवं बी विकत घेऊ नका. चार-पाचच असतील तर त्या पट्ट्यात पुढच्या जूनमध्ये एकरी एक किलो बी शेणखतात मिसळून फेका. रोपं भरपूर आहेत पण गवत त्यांच्या डोक्यावर गेलंय, असं दिसलं तर त्या तुकड्यात शेळ्यांऐवजी गाय किंवा म्हैस दोन-तीन दिवस घाला. पावसाळ्याच्या सुरुवातीला गाय कोवळं गवत आधी ओढते, स्टायलोकडे ती गवत निबरल्यावर वळते, त्यामुळे खाली उजेड पोचतो. उलट स्टायलो निम्म्याहून जास्त झाला आणि गवताचे ठोंब विरळ दिसू लागले, तर तो तुकडा जूनपासून सहा आठवडे बंद ठेवा, गवताला बी धरू द्या. शेळ्यांच्या कळपात पहिलाच प्रकार जास्त दिसतो. तुमच्याकडे गाय नसेल तर शेजाऱ्याची तीन दिवस मागून आणा.